प्रेताची साक्ष : ‘जाने भी दो यारो’मधील हास्य आणि नैतिक पेच

साक्षीदाराचे कर्तव्य कोणते, या प्रश्नाचे रूढ उत्तर सोपे आहे : जे पाहिले ते सांगावे. या उत्तराच्या मुळाशी मात्र एक न उच्चारलेले गृहीतक असते. सांगितलेले ऐकणारा कोणीतरी आहे, ऐकण्यासाठी नेमलेली एखादी जागा आहे, मग ती न्यायालय असो, वृत्तपत्र असो, पोलीस ठाणे असो वा लोकांची सभा, असे ते गृहीतक. ती जागाच नाहीशी झाली, किंवा ती जागा ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची त्याच्याच ताब्यात गेली, तर साक्षीदाराच्या कर्तव्याचे काय होते? तो मुक्त होतो की अधिकच बांधला जातो? कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारो’ (१९८३) हा चित्रपट हा प्रश्न उभा करतो, आणि तो हसवत हसवत उभा करतो. या हसण्यामुळेच त्यातील नैतिक प्रश्नाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. चित्रपटाविषयीचे बहुतेक बोलणे त्यातील विनोदाच्या आठवणींपाशी थांबते. ज्याला ‘कल्ट’ म्हणतात त्या प्रकारच्या लोकप्रियतेचा हा एक तोटाच म्हणायला हवा. चाहत्यांना संवाद पाठ असतात, आणि पाठ असलेल्या संवादाचा अर्थ पुन्हा तपासण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही.

कथासूत्र थोडक्यात सांगायला हवे, कारण पुढील विवेचन त्यातील काही तपशिलांवर उभे आहे. विनोद आणि सुधीर हे दोन छायाचित्रकार मित्र मुंबईत ‘ब्यूटी फोटो स्टुडिओ’ उघडतात. गिऱ्हाईक येत नाही. ‘खबरदार’ नावाच्या पत्राची संपादिका शोभा सेन त्यांना काम देते. तरनेजा हा बिल्डर आणि महापालिका आयुक्त डिमेलो यांच्यातील संगनमताची छायाचित्रे त्यांनी मिळवायची असतात. दरम्यान पाच हजार रुपयांच्या बक्षिसाच्या एका छायाचित्रस्पर्धेसाठी शहरभर हिंडून काढलेल्या चित्रांपैकी एकाच्या कोपऱ्यात, ते मोठे करून पाहिल्यावर, एक खून दिसतो. मारणारा तरनेजा, मरणारा डिमेलो. यापुढे डिमेलोचे प्रेत, ते लपवू पाहणारे, ते मिळवू पाहणारे आणि ते चुकून उचलून नेणारे यांची धावपळ सुरू होते. तरनेजाचा प्रतिस्पर्धी आहुजा हा दुसरा बिल्डर तीत ओढला जातो. शोभा हाती आलेल्या पुराव्याचा उपयोग बातमीसाठी न करता खंडणीसाठी करू लागते. डिमेलोच्या स्मरणार्थ बांधलेला उड्डाणपूल कोसळतो. अखेरीस सर्व प्रतिस्पर्धी एकमेकांशी तडजोड करतात आणि पूल पाडल्याचा दोष विनोद-सुधीरवर ठेवला जातो. शेवटच्या दृश्यात ते दोघे कैद्याच्या पोशाखात मुंबईच्या रस्त्यावर चालताना दिसतात, कॅमेऱ्याकडे वळतात आणि गळा कापल्याची खूण करतात.

दोघांनी ज्या बागेत ते छायाचित्र घेतले तिचे नाव चित्रपटात ‘अँटोनिओनी पार्क’ आहे. मिकेलांजेलो अँटोनिओनी यांच्या ‘ब्लो-अप’ (१९६६) या चित्रपटाला केलेले हे उघड अभिवादन असल्याचे अनेकांनी नोंदवले आहे, आणि नोंदवून तिथेच सोडून दिले आहे. वस्तुतः हा संदर्भ म्हणजे जाणकारांसाठी टाकलेला केवळ एक डोळा नव्हे. चित्रपटाचा सर्वांत महत्त्वाचा वैचारिक मुद्दा याच फरकातून निघतो. हूलिओ कोर्तासार यांच्या कथेवर आधारलेल्या ‘ब्लो-अप’मध्ये लंडनमधील एक छायाचित्रकार बागेतील चित्रे मोठी करत जातो, त्याला झुडपाआडचा पिस्तुलाचा हात दिसतो, रात्री तो प्रत्यक्ष प्रेत पाहतो. सकाळी प्रेत नसते. चित्रेही चोरीला गेलेली असतात; एक उरलेले चित्र इतके मोठे केलेले असते की त्यात फक्त दाणे दिसतात. शेवटी तो मूकाभिनय करणाऱ्यांच्या चेंडूविना चाललेल्या टेनिसमध्ये सामील होतो. तिथला प्रश्न ज्ञानाचा आहे. जे पाहिले ते खरोखर घडले होते का? पाहणे आणि जाणणे यांतील दरी हा पाश्चात्त्य आधुनिकतावादाचा आवडता विषय तिथे पूर्णत्वाने प्रकट होतो.

कुंदन शाह यांच्या चित्रपटात ही दरीच नाही. विनोद आणि सुधीर चित्र मोठे करतात तेव्हा चित्र धूसर होत नाही, उलट स्पष्ट होते. खुन्याचा चेहरा ओळखू येतो. आणि प्रेताचे म्हणाल तर ते नाहीसे होते खरे, पण पुन्हा पुन्हा परत येण्यासाठीच. लंडनच्या बागेतील प्रेत एकदा गेले की जाते. मुंबईच्या बागेतील प्रेत काही केल्या जायला तयार नाही. ते बागेत असते, पुलाखाली पुरलेले असते, शवपेटीत असते, दारूच्या नशेत असलेल्या आहुजाला बंद पडलेल्या मोटारीचा मालक वाटते, रोलर स्केट्सवर उभे राहून शहरातून धावते, बुरखा घेते, रंगमंचावर जाते. येथे सत्याविषयी संशय नाही. सत्याची विपुलता आहे. पुरावा इतका उघड आहे की तो खांद्यावर घेऊन फिरावे लागते. तथापि तो ठेवायला जागा नाही. ‘घडले का?’ हा आधुनिकतावादी प्रश्न बाजूला सरतो आणि त्याच्या जागी ‘सांगायचे कोणाला?’ हा कितीतरी साधा, परंतु अधिक भयावह प्रश्न येतो. एका युरोपीय चित्रपटाचे अनुकरण म्हणून ज्याकडे पाहिले गेले ते खरे तर त्या चित्रपटाच्या प्रश्नाला दिलेले एका वेगळ्या समाजाचे प्रत्युत्तर आहे. शंका घेण्याची चैन त्या समाजाला उपलब्ध नाही, कारण सर्वांना सर्व काही आधीच ठाऊक आहे.

‘सर्वांना ठाऊक’ हे शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेले नाहीत. चित्रपटाची जुळवाजुळव चालू होती त्याच काळात, जानेवारी १९८२ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पद सोडावे लागले होते. सिमेंटचे नियंत्रित वाटप आणि विश्वस्त निधीला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध हा त्या प्रकरणाचा गाभा होता. बांधकाम, परवाना आणि देणगी हे त्रिकूट त्या काळी मुंबईतील वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही अपरिचित नव्हते. म्हणून चित्रपट भ्रष्टाचार ‘उघडकीस’ आणत नाही. उघडकीस आणण्यासारखे काही शिल्लक नाही हीच त्याची सुरुवात आहे. आणखी एक विरोधाभास असा की हा चित्रपट राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, म्हणजे शासनाच्याच, पैशातून सुमारे सात लाख रुपयांत तयार झाला आणि दिग्दर्शकाच्या पहिल्या उत्कृष्ट चित्रपटासाठी असलेले, इंदिरा गांधी यांच्या नावाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले. शासनाने आपल्याच दोषांचे विडंबन पुरस्कृत करावे यात उदारपणा आहे की निर्धास्तपणा, याचे उत्तर देणे अवघड आहे. (२०१५ मध्ये पुण्याच्या चित्रपट संस्थेतील आंदोलनाच्या आणि देशातील वाढत्या असहिष्णुतेच्या संदर्भात अनेक चित्रपटकर्मींनी राष्ट्रीय पुरस्कार परत केले, त्यांत कुंदन शाह यांनी हेच पारितोषिक परत केले. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, त्यांचे निधन झाले.)

ज्या जागा सत्य ऐकून घेण्यासाठी असतात त्या एकेक करून कशा बंद होतात, हे चित्रपट क्रमाने दाखवतो. प्रशासनाची जागा पहिल्यापासूनच विकलेली आहे. पोलिसांची जागा अखेरच्या सौद्यात सामील होते. या दोन्हींचे आश्चर्य प्रेक्षकाला वाटत नाही. आश्चर्य वाटते ते वृत्तपत्राच्या जागेचे. शोभा सेन ही व्यक्तिरेखा भक्ती बर्वे यांनी केली आहे, आणि मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने या निवडीला एक जादा अर्थ आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मधील त्यांची भूमिका त्याच्या मनात ताजी होती आणि मुंबई दूरदर्शनवरून तो आवाज घराघरांत परिचयाचा झाला होता. स्वच्छ, ठाम, शिकलेल्या स्त्रीचा तो आवाज. सत्याच्या कार्यासाठी दोन भाबड्या तरुणांना तो कामाला लावतो तेव्हा त्यावर विश्वास न ठेवणे शक्य नसते. पुढे तोच स्वर जराही न बदलता खंडणीची रक्कम ठरवतो. पाहण्याजोगी गोष्ट अशी की शोभा कोणत्याही क्षणी ढोंगी वाटत नाही. सत्य मिळवणे आणि सत्य विकणे ही तिच्या लेखी एकाच व्यवसायाची दोन अंगे आहेत. छायाचित्राला किंमत आहे, आणि ज्याला किंमत आहे ते त्या किमतीला विकले जाणार. इतके तर्कशुद्ध.

येथे विनोद आणि सुधीर यांच्या निरागसतेविषयीही दोन शब्द बोलायला हवेत. त्यांना सत्याचे पुजारी म्हणणे हे चित्रपटावर अन्याय करणारे आहे. त्यांनी ते छायाचित्र काढले ते पाच हजारांच्या बक्षिसासाठी. हेरगिरी पत्करली ती स्टुडिओचे भाडे थकल्यासारखी स्थिती होती म्हणून. वेषांतर, खोटे बोलणे, चोरून ऐकणे यांपैकी कशाचेही त्यांना वावडे नाही. विनोदचे शोभेविषयीचे आकर्षणही त्याच्या ध्येयनिष्ठेत मिसळलेले आहे. ते सज्जन आहेत ते एवढ्याच अर्थाने की खून दिसल्यानंतर तो दिसला नाही असे त्यांना म्हणता येत नाही. सज्जनपणाची ही किमान व्याख्या आहे, आणि चित्रपटाची नैतिक ताकद या किमानपणातच आहे. थोर पुरुषाचा पराभव शोकात्म असतो. तो पाहून प्रेक्षक स्वतःला त्याच्याहून लहान समजतो आणि त्या लहानपणाच्या आडोशाला सुरक्षित राहतो. विनोद-सुधीर प्रेक्षकाला असा आडोसा देत नाहीत. ते त्याच्याएवढेच आहेत.

हास्याच्या स्वरूपाचा विचार आता करता येईल. आंरी बर्गसाँ यांनी ‘हास्य’ (१९००) या ग्रंथात विनोदाचे मूळ सजीवावर चढलेल्या यांत्रिकतेत शोधले. माणूस वस्तूसारखा वागू लागला की हसू येते. डिमेलोच्या प्रेताबाबत हे सूत्र उलटे होते. सतीश शाह यांचा डिमेलो जिवंत असताना खातो, पितो, पैसे घेतो, म्हणजे आपल्या पदाच्या यंत्राप्रमाणे चालतो. आणि मेल्यावर मात्र त्याला व्यक्तिमत्त्व प्राप्त होते. लोक त्याच्याशी बोलतात, त्याच्यावर रागावतात, त्याची समजूत घालतात. आहुजाचा त्याच्याशी झालेला रात्रीचा संवाद हा चित्रपटातील सर्वांत माणुसकीचा संवाद आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. रस्त्यात अडलेल्या एका अनोळखी माणसाला मदत करण्याची निरपेक्ष इच्छा तिथे एकदाच व्यक्त होते, आणि ती व्यक्त करणारा दारू प्यालेला आहे व ज्याला मदत करायची तो मेलेला आहे. या शहरात परोपकाराला उरलेली जागा एवढीच.

भारतीय काव्यशास्त्राकडे वळल्यास अधिक नेमके साधन हाती लागते. भरताने हास्याचा उगम शृंगाराच्या अनुकृतीत सांगितला. अभिनवगुप्ताने ते तत्त्व विस्तारून कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होऊ शकतो, असे प्रतिपादन केले. ज्या ठिकाणी जो भाव उचित नाही त्या ठिकाणी तो प्रकट झाला की रस आभासरूप होतो आणि त्याचे पर्यवसान हास्यात होते. ‘जाने भी दो यारो’ हा करुणाच्या आणि वीराच्या आभासांनी भरलेला चित्रपट आहे. ज्याने आयुष्यभर लाच घेतली त्याच्या स्मृतीस वाहिलेल्या आदरांजलीत गटारांचा गौरव होतो, आणि वक्त्याचा कंठ दाटून येतो. येथे करुण रसाची सगळी सामग्री हजर आहे : मृत व्यक्ती, शोकाकुल सहकारी, स्मारक. नाही ते औचित्य. परंतु अभिनवगुप्ताच्या मांडणीत औचित्याचे एक स्थिर जग गृहीत आहे, ज्याच्या तुलनेत अनौचित्य ओळखू येते. या चित्रपटात ते जग कुठे आहे? पडद्यावर नाही. ते असलेच तर प्रेक्षकगृहात आहे. गटारांच्या स्तुतीला हसणारा प्रेक्षक हसण्याच्या क्रियेतूनच हे मान्य करतो की उचित काय हे त्याला ठाऊक आहे. हसणे ही येथे साक्ष ठरते. आणि मग प्रश्न पुन्हा तोच : ही साक्ष तो देणार कोणाला?

या दृष्टीने महाभारताचे दृश्य पाहिले पाहिजे. पाठलागातून निसटत विनोद आणि सुधीर डिमेलोच्या प्रेतासह एका नाट्यगृहात शिरतात. रंगमंचावर द्रौपदीवस्त्रहरण चालू आहे, आणि द्रौपदीच्या जागी साडी नेसवलेले प्रेत उभे राहते. तरनेजा, आहुजा, शोभा आणि त्यांची माणसे पात्रांच्या वेषात एकामागून एक घुसतात. वस्त्र फेडले गेले तर प्रेत उघडे पडेल, म्हणून दुर्योधन स्वतःच वस्त्रहरणाचा बेत रद्द करतो. आहुजाचा भीम द्रौपदीवर सर्व पांडवांची भागीदारी असल्याचे कंपनीच्या भाषेत बजावतो. पाहता पाहता महाभारतात सलीम-अनारकलीही येऊन मिसळतात. दृश्यातील विनोद कोणालाही कळतो. त्याची संगती मात्र सभापर्वाच्या आठवणीशिवाय कळत नाही.

सभापर्वातील त्या प्रसंगाचा कणा वस्त्रहरण नाही, प्रश्न आहे. युधिष्ठिराने आधी स्वतःला हरवले की मला, हा द्रौपदीचा प्रश्न साऱ्या सभेला निरुत्तर करतो; धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून भीष्मही बाजूला होतो. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये त्या प्रश्नाकडे टीकेच्या दृष्टीने पाहिले आणि तो विचारण्यात द्रौपदीची चूक झाली असे मत मांडले. ते मत स्वीकारावे वा नाकारावे; प्रश्न विचारला गेला, त्याने सभा हादरली आणि तिचे मौन हाच तिचा अपराध ठरला, एवढे निश्चित. आता चित्रपटाकडे यावे. येथे द्रौपदीच्या जागी जो उभा आहे तो मेलेला आहे. तो प्रश्न विचारू शकत नाही. शिवाय तो पीडित नाही, पीडा देणाऱ्यांपैकीच एक आहे. सभा भरलेली आहे, वस्त्र आहे, दुःशासन आहे (ती छोटी भूमिका विधू विनोद चोप्रा यांनी केली आहे), फक्त प्रश्न गहाळ आहे. न्यायाची मागणी करणारा आवाज या सभेतून इतका पूर्णपणे काढून टाकलेला आहे की त्याची अनुपस्थितीही कोणाला जाणवत नाही.

तरी एक प्रश्न उरतोच. आंधळा धृतराष्ट्र अधूनमधून, हे काय चालले आहे, असे विचारत राहतो. त्याला कोणी उत्तर देत नाही. मूळ कथेत न पाहणे हा धृतराष्ट्राचा दोष होता. येथे साऱ्या डोळसांच्या गर्दीत, ज्यांना काय चालले आहे हे पक्के ठाऊक आहे अशांच्या गर्दीत, तो एकटाच जिज्ञासू ठरतो. ज्ञान आणि नीती यांची फारकत इतक्या थोडक्यात क्वचितच दाखवली गेली असेल. आणि त्या रंगमंचासमोर चित्रपटातील प्रेक्षकही बसलेला आहे. तो हसतो, टाळ्या वाजवतो. प्रत्यक्ष गुन्हेगार, प्रत्यक्ष प्रेत आणि प्रत्यक्ष पुरावा त्याच्या डोळ्यांपुढे असताना त्याला वाटते की हे नाटक आहे. मिखाइल बाख्तीन यांनी वर्णिलेल्या उत्सवी हास्यात श्रेणी उलटतात, राजा विदूषक होतो आणि त्या उलथापालथीतून जग नवे होते. येथेही श्रेणी उलटतात, बिल्डर भीम होतो, आयुक्त द्रौपदी होतो. पण दिवे लागल्यावर प्रत्येक जण आपापल्या खुर्चीवर परत जातो, नव्हे, अधिक घट्ट बसतो. उत्सवाने नूतनीकरण केले ते सौद्याचे. बाख्तीनचा आशावाद या चित्रपटाला लावणे म्हणूनच योग्य नाही, जरी तसे करण्याचा मोह अभ्यासकाला होणे स्वाभाविक असले तरी.

त्याच १९८३ या वर्षी, त्याच शहराविषयी, गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ आला. श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकर यांची पटकथा आणि दिलीप चित्रे यांची कविता यांमुळे तो मराठी साहित्यविचाराच्या जवळचा राहिला. येथे बेवड्या आहुजाची भूमिका करणारे ओम पुरी तिथे इन्स्पेक्टर वेलणकर आहेत. वेलणकरचा पेचही साक्षीदाराचाच आहे. रामा शेट्टी कोण आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि त्या ठाऊक असण्याचे काही करता येत नाही. अखेर तो शेट्टीचा गळा दाबतो आणि स्वतःला कायद्याच्या स्वाधीन करतो. ‘अर्धसत्य’ हा मोठा चित्रपट आहे, पण नैतिक दृष्ट्या तो प्रेक्षकाला एक सुटका देतो. संतापाला कृतीची वाट मिळते, मग ती कितीही विनाशक असो. ‘जाने भी दो यारो’ ही वाट आधीच बंद करतो, आणि तीही एका थट्टेने. त्यातील हेरगिरीच्या फार्सात सांकेतिक वाक्य म्हणून सईद मिर्झा यांच्या १९८० मधील चित्रपटाचे नाव वापरले आहे : ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’. त्या चित्रपटात अल्बर्टची भूमिका नसीरुद्दीन शाह यांची होती, आणि येथे विनोदच्या भूमिकेत तेच आहेत. समांतर चित्रपटाच्या संतापाचा आता परवलीचा शब्द झाला आहे. तो उच्चारला की आपली माणसे एकमेकांना ओळखतात, यापलीकडे त्याचे काम नाही. स्वतःच्या परंपरेवर इतकी निर्मळ आणि इतकी कठोर टीका त्या परंपरेच्या आतून क्वचितच झाली.

चित्रपटाला मर्यादा आहेत आणि त्या दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. पाठलागातील बुरख्यांचा विनोद आज सहज घेता येत नाही. सत्तेच्या खेळातील एकमेव महत्त्वाची स्त्री मोहिनी घालणारी आणि विश्वासघातकी असावी, हा साचाही जुनाच. अधिक गंभीर मुद्दा पुलाचा आहे. पूल कोसळतो, माणसे त्याखाली सापडतात; परंतु त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाही. संपूर्ण चित्रपटात ज्या एका प्रेताला नाव, वस्त्र, वाहन, शोकसभा आणि रंगमंच लाभतो ते लाच घेणाऱ्याचे आहे. पुलाखालच्यांना संख्याही धड मिळत नाही. हा दिग्दर्शकाचा दोष मानावा की त्याच्या जगाचे अचूक निदान? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. फार्स चेहऱ्यांवर चालतो आणि सामान्य मृताला चेहरा दिला असता तर हसू थांबले असते, हे तांत्रिक उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. हसू थांबू नये म्हणून काहींना चेहरा नाकारणे हा व्यवहार चित्रपटातील गुन्हेगारांच्या व्यवहारापासून फार दूर नाही, याची टोचणी राहते. या ठिकाणी चित्रपट ज्या नीतीची मागणी इतरांकडे करतो ती स्वतः पुरती पाळत नाही.

शीर्षकाकडे शेवटी यावे लागते. ‘जाने भी दो’ या उद्गारात एक विशिष्ट प्रकारची समजूत आहे. मराठीत ‘जाऊ द्या हो’ म्हणताना जी असते तीच. तीत क्षमा नाही, कारण क्षमेला अपराध मान्य करावा लागतो. विस्मरणही नाही, कारण जे जाऊ द्यायचे ते चांगले लक्षात असते. ठाऊक असूनही न धरणे, आणि न धरण्याला शहाणपण म्हणणे, असा तो भाव आहे. महानगरात राहणाऱ्या कोणालाही दिवसाकाठी कितीदा तरी तो पत्करावा लागतो, आणि त्याशिवाय जगणे चालतही नाही. म्हणून त्याची सरसकट निंदा करणे हा सोपा सदाचार झाला. प्रश्न असतो तो मर्यादेचा. रांगेत कोणी मध्ये घुसला तर जाऊ द्यावे. पूल पडला तर? चित्रपट अशी रेषा आखून देत नाही. तो एवढेच करतो की हे वाक्य बोलणारा कोण हे शेवटपर्यंत उघड करत नाही, आणि ‘यारो’ या संबोधनात कोणाकोणाचा समावेश होतो हेही सांगत नाही.

चित्रपटाच्या आरंभीच्या भागात दोघे मित्र जे गीत मोठ्या उमेदीने गातात, तेच अखेरीस वाजते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतून आलेले, हिंदीत रूपांतरित होऊन भारतातील शाळाशाळांतून म्हटले जाणारे ते समूहगीत आहे. चळवळीत ते गाताना गाणाऱ्यांचे हात एकमेकांत गुंफलेले असत. शाळेत ते ओळीत उभे राहून, हात सरळ ठेवून म्हटले जाते. शेवटच्या दृश्यात गीत चालू असताना दोघे चालत असतात आणि मग कॅमेऱ्याकडे वळतात. इतका वेळ चित्रे काढणारे ते होते. आता त्यांच्याकडे कोणीतरी भिंगातून पाहत आहे आणि त्यांनी ते ओळखले आहे. सर्व जागा बंद झाल्यानंतर, प्रशासन, वृत्तपत्र, पोलीस आणि नाट्यगृह यांपैकी कोणीही ऐकून न घेतल्यानंतर, ते ज्याच्याकडे वळतात तो प्रेक्षक आहे. शब्द ते वापरत नाहीत. पुरावाही त्यांच्याजवळ उरलेला नाही. हात गळ्यावरून फिरतो. आमचा गळा कापला गेला, असा त्याचा अर्थ बहुतेकांनी घेतला आहे. ती खूण पाहणाऱ्याच्या गळ्याकडे निर्देश करते असेही म्हणता येते, आणि खटला संपल्यावर दिलेली ती साक्ष आहे असेही. चित्रपट १९८३ मध्ये थोडक्यांनी पाहिला. पुढे दूरदर्शनवरून आणि ध्वनिचित्रफितींवरून तो अनेकांपर्यंत गेला, २०१२ मध्ये नव्या प्रतीसह पुन्हा चित्रपटगृहांत आला. दर वेळी महाभारताच्या दृश्याला प्रेक्षागृह हसले आहे, आणि दर वेळी त्या हसण्यानंतर काही मिनिटांतच ते दोघे वळून पाहतात.